डावे आटे

त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की अंगणातली कपड्यांची दोरी दिसत नव्हती, नुसता टॉवेल हवेत लटकल्यासारखा दिसत होता. थंडीनं कातकामाच्या लेथमधलं तेल काकवीसारखं घट्ट झालेलं. अशा दिवशी मशिनला एकदम कामाला जुंपायचं नसतं. कंडक्टरनं वस्तू पकडायचा गोल चक रिकामाच फिरत सोडला, ओंजळीत फुंकर मारून हात शेकले, आणि मशिनचं घरघरणं थांबून ते गुणगुणायला लागेपर्यंत साखरेच्या बरणीचं झाकण फडक्यानं पुसत बसला.

झाकण पितळेचं, वाटीएवढं. वरची नक्षी बोटांनी झिजून गुळगुळीत झालेली. आतल्या बाजूला आटे, आणि ते डावे. जगातली झाकणं ज्या बाजूला फिरवली की उघडतात, त्याच्या उलट बाजूला उघडणारे. ते त्यानं स्वतः पाडले होते, तरुणपणी, याच लेथवर. आज तेच आटे तो खरवडून टाकणार होता.

कंडक्टर म्हणजे बसचा. नोकरी संपून बरीच वर्षं झाली, खांद्यावरची चामड्याची बॅग कुठं गेली तेही आठवत नव्हतं, पण नाव काही सुटलं नाही. नोकरीत असतानाच बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यातला हा लेथ त्यानं भंगाराच्या भावात उचलला आणि हातगाडीवर घालून घरी आणला. बायको तेव्हा नवी नवरी. दारात उभी राहून तिनं ते काळं धूड पाहिलं आणि म्हणाली, "लोक नव्या बायकोला दागिना आणतात. तुम्ही सवत आणलीत!" तेव्हापासून लेथचं नाव सवत. "सवतीला तेल पाजलंत का?" "आज सवतीकडेच जेवणार की काय?" चाळीच्या मागची पत्र्याची खोली सवतीची, पुढच्या दोन खोल्या हिच्या.

असे लेथ बाळगणारे गावात आणखी तिघं होते. बेकरीवाल्याचा लेथ भट्टीच्या मागच्या खोलीत, त्यामुळे त्याच्या हातच्या वस्तूला पावाचा वास यायचा. "आटे म्हणा, आटा म्हणा, मला दोन्ही कळतं," हा त्याचा ठरलेला विनोद. दातांचे डॉक्टर टेबलावर मावणारं मशिन घेऊन सुईएवढे स्क्रू करत बसायचे. आणि चित्रकला शिकवून निवृत्त झालेले मास्तर. ते आठवडाभर टूलला धार लावायचे, इतकी की दाढी करावी, पण त्या टूलनं काही कापल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

रविवारी सकाळी चौघं कुणा एकाकडे जमायचे आणि आठवड्यात केलेलं टेबलावर मांडायचे. नियम एकच होता: आधी भंगार, मग बढाई. म्हणजे आधी जे बिघडलं ते ठेवायचं, कुठं चुकलं ते सगळ्यांसमोर सांगायचं, मग चांगलं झालेलं काढायचं. भंगार न आणणारा एकतर खोटारडा, नाहीतर आळशी. मास्तरांना आळशी म्हणून सूट होती.

कंडक्टर दर रविवारी इमानानं आपलं भंगार न्यायचा. पण घरातल्या बरण्या त्यानं कधी तिथं नेल्या नाहीत. त्या स्वयंपाकघरात कामाला होत्या. आणि त्याच्या मते आयुष्यात एवढी एकच गोष्ट अशी झाली होती की जिचं भंगार नव्हतं.

त्याची बायको डावखुरी. लहानपणी शाळेतल्या बाईंनी तिच्या डाव्या हातावर पट्ट्या मारल्या. माहेरी डाव्या हातानं वाढलं की आजी ताट सारून उठायची. सासरी आली तेव्हा ती पाहुण्यांसमोर डावा हात पदराखाली धरून बसायची, जणू हात नव्हे, चोरून आणलेली वस्तू. कंडक्टरला हे पहिल्या महिन्यातच दिसलं. तो तडक सवतीच्या खोलीत गेला, पितळ आणलं, आणि जाड काचेच्या बरण्यांना पितळी गळे आणि झाकणं बसवून दिली. सगळी डाव्या आट्यांची.

"हे बघ," पहिली बरणी ओट्यावर ठेवत तो म्हणाला होता, "जग उजव्यांनी उजव्यांसाठी केलंय. ते काय मला बदलता येत नाही. पण या ओट्यापुरतं जग तुझ्या बाजूनं फिरेल."

ती रडली. एवढी रडली की त्याला वाटलं काहीतरी चुकलं. मग तिनं पदर बाजूला करून डावा हात बाहेर काढला आणि त्याच्यासमोर झाकण फिरवलं. पुढं साखर, चहा, डाळ, मीठ, बिस्किटं, सगळ्यांना तशीच झाकणं झाली. डोकेदुखीच्या गोळ्यांना एक छोटी ॲल्युमिनियमची डबी, तीही डावी. आल्यागेल्याला बरणी उघडता यायची नाही. शेजारीण म्हणायची, "तुमच्याकडे साखर उसनी घ्यायची तर कुलूप तोडायला लागतं." बायको म्हणायची, "यांचेच आटे उलटे, बरण्या काय करतील बिचाऱ्या!"

एकच कुरबूर असायची. तिला झाकण घट्ट लावायचा कंटाळा. नुसतं वर टेकवून ठेवायची. बिस्किटं मऊ पडायची, साखरेला मुंग्या लागायच्या. कंडक्टर ओरडायचा, "एवढे रेशमासारखे आटे पाडून दिलेत, दोन वेढे द्यायला काय हाताला मेंदी लागलीय?" ती म्हणायची, "विसरते हो." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा झाकण टेकवलेलं. संसारात अशी एखादी खोड असतेच. तो ती मोजत नव्हता.

मग एका दुपारी भाजी चिरताना तिच्या हातातून सुरी गळाली. तिनं उचलायला हात खाली नेला तर हात जाईना. डावी बाजू गेली. हात, पाय, अर्धं तोंड.

हॉस्पिटलात ती पहिले काही दिवस बोललीच नाही. शब्द तोंडात यायचे आणि तिथंच अडखळायचे. व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. त्यांनी एकदा विचारलं, "आजी, घरी गेल्यावर काय करायचंय तुम्हाला? हिंडायचंय? देवळात जायचंय?"

तिनं बराच वेळ जुळवाजुळव केली. मग म्हणाली, "माझा... चहा... मी."

"करालच!" बाई म्हणाल्या. "एका हातानंही होतो चहा. उजव्याला शिकवू आपण."

झालं, तिनं ते धरून ठेवलं. भात भरवताना लेकीचा हात बाजूला सारून चमचा उजव्या हातात घ्यायची, निम्मा भात मांडीवर. लेक कावायची. "आई, मी आहे ना?" तर तेच उत्तर, "चहा... मी." हिला दुसरं काही नको होतं. सकाळी उठून ओट्याशी जावं, कुणाला हाक न मारता आपला चहा आपण करावा, बस्स.

हॉस्पिटल सोडायच्या आदल्या दिवशी कंडक्टर गेला तेव्हा ती उशीला टेकून बसली होती. गोळ्यांची ती ॲल्युमिनियमची डबी दोन गुडघ्यांत धरलेली. तिनं त्याच्याकडे पाहिलं, उजवा हात डबीवर ठेवला आणि फिरवला. डबी उघडली.

"एकटीनं?" त्याचा विश्वास बसेना.

ती अर्ध्या तोंडानं हसली. झाकण लावलं, पुन्हा उघडलं. मग त्याला खुणेनं जवळ बोलावलं आणि एकेक शब्द दगडासारखा उचलून ठेवत म्हणाली, "डावं... उजव्याला... बरं."

"काय गं?"

"डावं. उजव्याला. बरं."

कंडक्टरच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खरंच की! हात उजवा झाला आणि बरण्या डाव्याच राहिल्या. डावं ते उजव्याला करून दिलं तर बरं, असं म्हणतेय बिचारी. "करतो," तो म्हणाला. "तू घरी येशील ना, तेव्हा ओट्यावर एकसुद्धा डावं झाकण राहणार नाही. तुला शब्द."

तिनं जोरजोरात मान हलवली. नाही, नाही.

"नाही काय? ऐक माझं." नवी साडी घेऊ का म्हटलं तरी ती अशीच मान हलवायची, आणि घेतल्यावर महिनाभर मिरवायची. तिचं नाही त्याला पाठ होतं.

हॉस्पिटलातून लेकीनं तिला स्वतःच्या घरी नेलं, कारण तिथं लिफ्ट होती आणि कमोड होता. तेवढ्या अवधीत काम उरकायचं होतं. एकट्यानं ते झालं नसतं. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा बरण्या टोपलीत भरल्या आणि रविवारी टेबलावर मांडल्या.

डॉक्टरांनी एक झाकण उजेडाकडे धरून आत पाहिलं. "कंडक्टर, हे खरवडायला हात धजत नाही हो. काय साफ पाडलेत!"

"पाडणाऱ्याचेच उलटे असले की साफच पडणार," बेकरीवाला म्हणाला. मग सावरून, "पण वहिनींचं काम आहे. वाटून घेऊ. मोठ्या बरण्या माझ्या."

"लहान मला द्या," डॉक्टर म्हणाले. मास्तर पुढं सरकले. त्यांनी खिशातून मऊ कापडात गुंडाळलेलं टूल काढलं आणि कंडक्टरच्या हातात दिलं. त्यांच्या धारेला अखेर काम मिळालं.

तर धुक्याच्या त्या सकाळी कंडक्टर जे करत होता ते हे. साखरेचं झाकण चकमध्ये बांधलं, मास्तरांचं टूल आत घातलं. पितळेचा कीस सोन्याच्या भुग्यासारखा खाली सांडू लागला. पहिला आटा गेला, दुसरा गेला. आतून झाकण नुसतं गुळगुळीत भांडं झालं. मग त्यात नवं पितळी कडं ठोकून बसवायचं, आणि त्या कड्याला उजवे आटे. बरणीच्या गळ्याचंही तसंच. काम नेटकं होत होतं. बेकरीवाल्याचं पहिलं कडं तडकलं, डॉक्टरांनी एक झाकण उलटं बांधलं, ते सगळं रविवारी टेबलावर येऊन त्यावर हसूनही झालं. शिवाय त्यानं ओट्यावर बसवायला एक पकड केली: तीन जबडे, आतून रबर, बरणी ठेवून दांडी दाबली की बरणी जागची हलत नाही. एका हाताच्या माणसाला आणखी काय हवं? चौघांनी मिळून केलेलं हे पहिलंच काम, आणि इतकं देखणं काम त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं.

ती घरी आली त्या दिवशी मंडळी हजर होती. लेकीनं तिला धरून ओट्याशी उभं केलं. घासलेली झाकणं ओळीनं चमकत होती. पकडीत साखरेची बरणी तयार.

"उघडा वहिनी!" बेकरीवाला म्हणाला.

तिनं हात ठेवला आणि हॉस्पिटलात डबी फिरवायची तसा फिरवला. झाकण उघडायच्या ऐवजी आणखी आवळलं.

"उलटं, वहिनी, उलटं!" सगळे हसले. "आता उजवे आटे आहेत! कंडक्टरनं जग पुन्हा सरळ केलंय!"

तिचा हात झाकणावर थांबला. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो लग्नातल्या फोटोत उभा होता तसा छाती काढून उभा होता. मग तिनं उलट्या बाजूनं फिरवलं. एकदा सरकला हात, दुसऱ्यांदाही सरकला. कंडक्टरनं पुढं होऊन झाकणाला थोडी ढील दिली, मग ते उघडलं. टाळ्या पडल्या. ती अर्ध्या तोंडानं हसली आणि म्हणाली, "छान... केलं."

त्यानंतर घरात पुन्हा तेच सुरू झालं. झाकणं नुसती टेकवलेली. कंडक्टर यावेळी ओरडला नाही. आजारी माणूस आहे, म्हणून गप्प राहिला. सकाळी तो सवतीकडे गेला की ती काठी टेकत ओट्याशी जायची, टेकवलेलं झाकण उचलायची, आणि चहा करायची. पाणी सांडायचं, भुकटी सांडायची, पण चहा व्हायचा. खोलीच्या पत्र्यावर काठीची टकटक आली की तो मशिन बंद करून आत जायचा. तिनं केलेला चहा. कधी बिनसाखरेचा, कधी दुप्पट साखरेचा. तो म्हणायचा, "फर्मास!" ती म्हणायची, "खोटं."

लेक दर शनिवारी यायची. तिच्या हाताला काम लागायचं. ती फडकं मारायची, मुंग्या झटकायची. एका शनिवारी तिनं एकेक झाकण करकचून आवळलं. "बाबा, इतकं मरमर करून केलंत आणि लावत कुणीच नाही!"

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, कंडक्टर मंडळीकडे जायच्या तयारीत होता. भंगार पिशवीत टाकत होता. आतून आवाज आला. भांडं पडल्याचा नव्हता तो, पोतं पडल्याचा होता.

ती ओट्याखाली पडली होती. उजवा हात अंगाखाली. झाकण मनगटानं उघडेना म्हणून तिनं अंगाचा सगळा भार टाकून ते फिरवायला पाहिलं होतं, आणि लुळ्या पायानं दगा दिला. वर साखरेची बरणी पकडीत जशीच्या तशी उभी होती. झाकण गच्च. पकडीनं बरणीला जराही हलू दिलं नव्हतं.

मनगट मोडलं. उरलेला एकच हात, तो कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये गेला.

हॉस्पिटलात लेक आईच्या उशाशी बसून बापावर बरसत होती. "मी म्हणत होते प्लास्टिकचे डबे आणू. टक्कन उघडतात. पण तुमचं पितळ! तुमची ती मंडळी! आईनं आता काय दातानं उघडायचं?" बोलता बोलता तिनं गोळ्या द्यायला ती छोटी डबी उचलली आणि नेहमीसारखी फिरवली. डबी हूं की चूं करेना. "बघा! ही पण!"

"ती डावी आहे अजून," कंडक्टर पुटपुटला. "हिच्याजवळच राहिली होती, म्हणून करायची राहून गेली." त्यानं तिच्या हातातून घेतली, फिरवली. उघडली.

"कोणत्या... हातानं?" पलंगावरून आवाज आला.

ती आता बरीच बोलायची, फक्त सावकाश. कंडक्टरनं आपल्या हाताकडे पाहिलं. "उजव्यानं."

"जोर... लागला?"

"नाही."

"आवळा. आता... डाव्यानं उघडा."

त्यानं झाकण आवळलं आणि डाव्या हातानं फिरवून पाहिलं. बोटं सरकली. पुन्हा पाहिलं. मनगट वाकडं झालं, खांदा वर आला, तेव्हा कुठं झाकण सुटलं.

"हे डाव्या हाताची सवय नाही म्हणून," तो म्हणाला, पण त्याचा आवाज आधीच बारीक झाला होता.

"नाही." तिनं डोळे मिटून घेतले, शब्द गोळा केले. "हात उताणा होताना... जोर असतो. पालथा होताना... नसतो. बघा करून." ती थांबली, दम घेतला. "डावी झाकणं उघडायला... डावा हात पालथा करावा लागतो. उजवा... उताणा होतो. डावं... उजव्यालाच बरं. तेच... सांगत होते मी."

 लेकीनं नकळत रिकाम्या हवेत आपला हात फिरवून पाहिला. उताणा, पालथा. मग उशीची खोळ सारखी करत बसली.

डावं उजव्याला बरं. एक 'च' राहून गेला होता तिच्या जिभेवर, आणि त्या 'च'पायी तीन लेथ तीन आठवडे चालले होते. जी झाकणं तिच्या उजव्या हाताला आपसूक वश झाली असती, ती त्यानं खरवडून भुगा केली होती. आणि मग त्याला दुसरी गोष्ट कळली. कळली तशी त्यानं पलंगाची दांडी धरली.

"म्हणजे आधीही..." तो म्हणाला. "तुझा डावा हात धड होता तेव्हाही..."

तिनं हळूच होकाराची मान हलवली.

"कधीपासून माहीत होतं तुला?"

"पहिल्या... बरणीपासून."

"अगं, मग बोलली का नाहीस? म्हणून तू झाकणं टेकवून ठेवायचीस? आणि मी मेला वर्षानुवर्षं तुझ्यावर ओरडतोय, मेंदी लागलीय का म्हणून! एकदा तरी सांगायचंस!"

तिच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानाकडे वाहत होतं, आणि पुसायला हात नव्हता. लेकीनं पुसलं. "माझ्या डाव्या हाताला... सगळ्यांनी मारलंच," ती म्हणाली. "तुम्ही एकट्यानं... त्याला काही दिलं. ते परत... करायचं?"

कंडक्टर खिडकीशी गेला. खाली रिक्षास्टँडवर कुणीतरी गाडी धूत होतं.

"पण हे उजवे केले, तेव्हा तरी," तो शेवटी म्हणाला.

"तेव्हा... चौघं उभे होतात. नटून." ती अर्ध्या तोंडानं हसली. "आणि तुम्हाला सांगून... पालथ्या घड्यावर पाणी. मान हलवली होती की मी. नाही, नाही."

पुढच्या रविवारी मंडळी बेकरीच्या मागच्या खोलीत जमली. भट्टीची ऊब भिंतीतून येत होती. डॉक्टरांनी तुटलेला स्क्रू ठेवला, बेकरीवाल्यानं वाकडी कप्पी. मास्तरांनी नेहमीप्रमाणे काही ठेवलं नाही. कंडक्टरनं पिशवीतून साखरेचं झाकण काढलं आणि टेबलाच्या मधोमध ठेवलं.

"अहो, ही तर बढाई," बेकरीवाला म्हणाला. "आधी भंगार काढा."

"हेच."

मग त्यानं सांगितलं. कुठं चुकलं ते सगळ्यांसमोर सांगायचं, हा नियमच होता.  चौघांनीही मधूनच आपापले हात टेबलावर ठेवून वळवून पाहिले, उताणे, पालथे, आणि पुन्हा मांडीवर घेतले. बेकरीवाला रोज मणभर पीठ मळणारा, त्याला मनगटाची जात कळायला हवी होती. डॉक्टर दात उपटायचे ते काय दुसऱ्या कशानं? पण आटे म्हटले की चौघांची अक्कल आट्यांतच फिरत राहिली होती. हाताचा विचार कुणीच केला नव्हता.

"एकट्याचं नाही हो ते," डॉक्टर म्हणाले आणि झाकण आपल्याकडे ओढून घेतलं. "माझ्याकडची दोन याच ढिगात धरा."

"माझी दोन," बेकरीवाला म्हणाला.

मास्तर झाकणाच्या कडेवरून अंगठा फिरवत होते. "टूल माझं होतं," ते म्हणाले. त्यांनी टेबलावर ठेवलेलं ते पहिलं भंगार.

"परत डावे पाडू," बेकरीवाला म्हणाला. "एका आठवड्यात पाडू. काय लागतं?"

पाडलेही. पण प्लास्टर निघालं तेव्हा आतला हात वाळल्या भोपळ्याच्या वेलासारखा निघाला. बोटं निम्मी मिटायची आणि तिथंच अडकायची. व्यायामाच्या बाई यायच्या, रबराचा चेंडू दाबायला द्यायच्या, तो हातातून सुटून पलंगाखाली जायचा. काही दिवस तिनं प्रयत्न केला. मग एक दिवस चेंडू पलंगाखाली गेला आणि तिनं तो काढा म्हणून सांगितलंच नाही. कंडक्टरनं साखरेची बरणी, पुन्हा डाव्या आट्यांची, तिच्या पलंगाशी नेऊन धरली.

"बघ तरी. उताणा हात. नुसता ठेव."

तिनं ठेवला. बोटांनी झाकण धरलं नाही. तिनं हात काढून घेतला आणि भिंतीकडे वळली. "तुम्हीच करा आता चहा," ती म्हणाली.

हॉस्पिटलातल्या त्या पहिल्या शब्दांपासून तिनं एवढी एकच गोष्ट मागितली होती, आणि ती तिनं स्वतःच परत केली. कंडक्टर बरणी छातीशी धरून तसाच उभा राहिला. "बरं," म्हणाला.

थंडी सरली, पुन्हा आली. आज पुन्हा धुकं आहे. सवत रिकामी फिरते आहे, तिचं तेल अजून पातळ व्हायचं आहे. कंडक्टर कुठल्याशा शिवणयंत्राचं चाक नीट करतो आहे, शेजारणीचं. आतून खोकल्याचा आवाज येतो, तशी तो मशिन बंद करतो, हाताचं तेल फडक्याला पुसतो आणि आत येतो. आधण ठेवतो. साखरेचं झाकण उजव्या हातानं फिरवतो. हात उताणा होतो, झाकण लोण्यासारखं सुटतं. रोज सुटतं.

दोन चमचे साखर. मग झाकण बरणीवर ठेवतो. वेढा देत नाही.

"लावलंत?" आतून ती विचारते. नुसत्या आवाजावरून तिला कळतं.

"टेकवलंय."

"मुंग्या... येतील."

"येऊ देत. त्याच देतील वेढे, त्यांच्या हाताला काय मेंदी लागलीय?"

आतून हसल्यासारखा आवाज येतो, की खोकलाच, ते नीट कळत नाही. चहा वर येतो. कंडक्टर गॅस बारीक करतो, आणि गाळणं कुठं ठेवलं म्हणून मांडणीवर शोधायला लागतो.